शेपटीवरून पुरुष ओळखणारे मामा

जेवणाच्या पंगतीत शेपटी हा विषय काढून वर आग्रहाने जिलबी वाढणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असणार, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. नात्याने ते माझे मामेसासरे, म्हणजे आमच्या ह्यांचे सख्खे मामा आणि माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. शिक्षणाने डॉक्टर, पण आयुष्यात त्यांनी ना कोणाची नाडी पाहिली, ना कोणाला गोळी लिहून दिली. नागपुरात मनीषनगरातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत प्रयोगशाळा होती आणि तिथे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी सगळी हयात पुरुषांचं वीर्य तपासण्यात घालवली. घरात ह्या उद्योगाला ‘मामांचं ते काम’ एवढंच म्हणायची पद्धत होती. मामा स्वतः मात्र ‘शुक्राणू’ हा शब्द इतक्या खणखणीत आवाजात उच्चारायचे की समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका ताटं तशीच टाकून आत जायच्या.

माझी त्यांची पहिली ओळख माझ्याच लग्नाच्या पंगतीत झाली. मी शाळेत शिकवते हे कळल्यावर त्यांना वाटलं, हिला शिकवायला काही हरकत नाही. माझ्या पानातला बुंदीचा एक दाणा त्यांनी उचलला, खिरीतली एक लांब शेवई ओढून काढली, तिला तो दाणा चिकटवला आणि मध्ये जिलबीचा एक बारीक तुकडा गुंडाळला. “हे पाहा सूनबाई. हा दाणा म्हणजे डोकं. बापाले जे काही द्यायचं ते सारं याच्यात भरलं आहे. वरून एक टोपी, ती अंड्याची भिंत फोडाले. मंधात ही जिलबी, हे आपलं कोराडीचं वीजघर, सारी वीज इथं बनते. अन् ही शेवई म्हणजे शेपूट. डोकं कितीही हुशार असो, शेपटीनं दगा दिला का सारं जागच्या जागी.” एवढं सांगून त्यांनी ते सगळं तोंडात टाकलं. समोर बसलेल्या माझ्या वडिलांनी त्या दिवशी पुढे खीर घेतली नाही, आणि माझ्या आईला अजूनही वाटतं की मुलीचं लग्न जमवताना मामा-मावश्यांची नीट चौकशी करायला हवी होती.

त्यांच्या धंद्याने त्यांच्या नजरेला एक वळण लावून ठेवलं होतं. काचेखालच्या जिवांचे ते तीन प्रकार करत: सरळ पुढे जाणारे, जागच्या जागी वळवळणारे आणि मुळीच न हलणारे. पुढे पुढे त्यांना जगात दुसरे प्रकार दिसेनासेच झाले. रेल्वे फाटक उघडल्यावर दोन्ही बाजूंनी घुसणाऱ्या स्कूटरी बघत ते तासन्‌तास उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला निकाल सांगत. वरातीत नाचणाऱ्यांकडे बोट दाखवून म्हणायचे, “पाहा, उत्साह किती, पण पुढं कोणीच जाऊन नाही राहिलं.” आमच्या ह्यांना त्यांनी पहिल्या वर्गात टाकलं होतं, त्यामुळे हे काही काळ उगाच छाती काढून चालत. माझ्याबद्दल त्यांचं मत असं होतं की मी वेगाने जाते पण गोल फिरून तिथेच येते. असेही काही असतात म्हणे, शेपटी एका बाजूला वाकडी असलेले. ह्यावर रागवावं की नाही हे मला ठरवता आलं नाही, कारण मी खरोखरच बाजारात जाऊन कोथिंबीर विसरून परत येणारी बाई आहे.

प्रयोगशाळेच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तीन सूचना लावल्या होत्या. नमुना थंड करू नये. नमुना उन्हात ठेवू नये. नमुना बायकोच्या हाती पाठवू नये. पहिल्या दोन शास्त्रातल्या होत्या, तिसरी त्यांनी अनुभवातून घातली होती. नवरे रस्त्याच्या पलीकडे रसवंतीच्या आडोशाला उभे राहत आणि बायको पदराखाली डबी घेऊन आत येई. मामा तिला खुर्ची देत, पाणी देत आणि तसेच स्लिपर घालून रस्ता ओलांडून नवऱ्याला हुडकून आणत. “या साहेब, या. माल तुमचा, अन् हमाली त्यांच्याकडून काहून?” मे महिन्यात एक सद्गृहस्थ डबी बर्फाच्या पेटीत घालून घेऊन आले. एवढ्या उन्हात वस्तू खराब होऊ नये म्हणून त्यांनी जिवाचा आटापिटा केला होता आणि चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. मामांनी पेटी उघडली, बर्फाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि अत्यंत प्रेमाने विचारलं, “यात केशर-पिस्ताही टाकलं का भाऊ?” मग त्यांना शेजारी बसवून समजावलं की ही चीज शरीराइतक्याच उबेत, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून, तासाभराच्या आत आणायची असते. नातेवाइकांच्या घरी गेले की मामा तरुण मुलांच्या पँटी निरखत. कोणाची घट्ट दिसली, कोणी मांडीवर लॅपटॉप घेतलेला दिसला, की पाहुणचार बाजूला ठेवून मामा उष्णतेवर बोलायला लागत, आणि त्या घरचं पुढच्या वर्षीचं आमंत्रण येत नसे.

पण त्यांचा खरा राग एका शब्दावर होता. दुसऱ्या प्रयोगशाळांचे रिपोर्ट घेऊन लोक येत, त्यात काही हलत नाही म्हणून सरळ ‘मृत’ लिहिलेलं असे. ते वाचलं की मामांचा पारा चढे. “अरे, हलत नाही म्हणजे मेला, हे कोणी ठरवलं? आपल्या नागपुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता कोण हलते? सारं गाव मेलं का?” मग ते गुलाबी रंगाचा एक थेंब टाकत. मेलेल्या पेशीत तो रंग आत शिरतो, कारण तिची भिंत फुटलेली असते. जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही, पांढरीच राहते, मग ती हलो की न हलो. ही पांढरी पेशी दिसली की मामा लहान मुलासारखे टाळी वाजवायचे आणि दिसेल त्याला डोळा लावायला बोलवायचे. भाजीवाल्यालाही त्यांनी एकदा बोलावलं होतं. त्याने वाकून पाहिलं आणि “साबूदाना भिगाया है क्या साब?” असं विचारलं.

तर अशा ह्या माणसाच्या स्वतःच्या भाच्याला मूल होत नव्हतं, आणि मामांना त्याचा नमुना मिळत नव्हता.

हा भाचा म्हणजे माझा धाकटा दीर. तो, त्याची बायको वैशाली आणि सासूबाई खाप्याला राहतात. आम्ही दोघं नोकरीपायी नागपुरात. दीर संत्र्याचे बगीचे बोलीने घेतो आणि माल कळमन्याच्या बाजारात नेतो. माणूस सोन्यासारखा, फक्त त्याचं नाक बारा महिने वाहतं. सर्दी, खोकला, कानात दडे हे त्याच्या जन्मापासूनचे सोबती. सासूबाईंनी ह्याचं कारण फार पूर्वीच शोधून काढलं होतं: संत्रं. म्हणून चारी बाजूंनी संत्र्यांचे ढीग असलेल्या त्या घरात त्याला आयुष्यात कधी एक फोड खाऊ दिली नाही. गिऱ्हाइकाने “माल गोड आहे का?” विचारलं की तो बिचारा वासावरून उत्तर द्यायचा.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी वैशालीची कूस उजवली नाही. मग सगळं काही वैशालीचं सुरू झालं. वैशालीच्या तपासण्या, वैशालीची औषधं, वैशालीचे गुरुवार, वैशालीच्या दंडाला ताईत. तपासण्यांत काही निघालं नाही, तर सासूबाईंच्या मते डॉक्टरच बरा नव्हता. एकदा भर दिवाळीत शेजारणीसमोर त्या म्हणाल्या, “आमच्या पोरात काही कमी नाही बाई. जमिनीतच दम नाही तर पेरणारा का करन?” वैशाली तेव्हा माझ्या शेजारी करंज्यांना मुरड घालत होती. तिचे हात थांबले नाहीत. पुढच्या वर्षी तिला पोळ्याला माहेरी पाठवायचं आणि मग आणायची घाई करायची नाही, दुसरी पाहायची, असं घरात कुजबुजत बोललं जाऊ लागलं. माझा दीर हे ऐकून खोकत बाहेर निघून जाई. वैशालीने मला फोनवर फक्त एवढंच विचारलं, “ताई, मी गेले तर मले घ्याले येतील नं?”  

मामांना हे सगळं ठाऊक होतं आणि ते आतल्या आत तडफडत होते. सगळ्या जिल्ह्यातल्या पुरुषांना रसवंतीमागून ओढून आणणारा हा माणूस आपल्या थोरल्या बहिणीपुढे मात्र थरथर कापायचा. त्यांनी एकदाच विषय काढला होता. सासूबाई कडाडल्या, “तुह्या बाटल्या तुह्या घरी ठेव बापू. माह्या लेकराले त्यात नको घालू.” मामा पुढ्यातल्या चिवड्यातले दाणे वेचून खात राहिले.

पण मामांनी एक गोष्ट हेरून ठेवली होती. आमच्याकडे भाचा हा मामाला देवासारखा. वयाने कितीही लहान असो, मामा त्याच्या पाया पडतो, भाचा मामाच्या नाही. सासूबाई ह्या बाबतीत फार कडक. त्या वर्षी खाप्याच्या घरी पूजा होती, सगळा गोतावळा जमला होता. रिवाजाप्रमाणे मामा दिराच्या पाया पडायला वाकले. वाकले ते उठेचनात. दोन्ही पाय घट्ट धरून बसले. पाहुण्यांना वाटलं, कंबर धरली.

“उठा नं मामा,” दीर कासावीस झाला.

“नाही उठत. मामानं पाय धरून मागितलं का भाच्यानं नाही म्हणायचं नसते. ताई, असंच आहे नं वं?”

सासूबाई कौतुकाने भरून आल्या होत्या. “हो हो, असंच आहे. मांग बापू, का पाहिजे ते मांग.”

“मागा मामा,” दीर म्हणाला. त्याला वाटलं, संत्र्याची पेटी मागतील.

“नमुना दे गा भाचेबुवा,” मामा म्हणाले.

भटजींच्या हातातली पळी ताम्हनात पडली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. पण शब्द त्यांचा गेला होता आणि देवासमोर गेला होता. दिराचे कान संत्र्यासारखे लाल झाले, मग तो खोकला, आणि खोकता खोकताच त्याने मान हलवली.

पुढच्याच आठवड्यात मी वैशालीला घेऊन मामांच्या पुढच्या खोलीत बसले होते. दीर आतल्या खोलीत जाऊन आला होता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे इतक्या एकाग्रतेने बघत होता की जणू त्यात बाजारभाव छापले होते. मामा काचेला डोळा लावून बसले. एरवी डोळा लावला की त्यांची बडबड सुरू होते. त्या दिवशी ते नुसती काच इकडून तिकडे सरकवत राहिले. मग मान वर न करताच म्हणाले, “एकही हलून नाही राहिला.” वैशालीने माझा हात धरला. इतकी वर्षं जो आरोप तिच्यावर होता तो तिच्यावरून उठला होता, पण तिचा चेहरा पाहून तसं मुळीच वाटलं नसतं. तिच्या डोळ्यांपुढे नवरा होता.

मामांनी गुलाबी थेंब टाकला. पुन्हा वाकले. आणि एकदम खुर्ची मागे सारून उभे राहिले. “पांढरे आहेत! सारे पांढरे! जिवंत आहेत गा सारे!” आमची टाळी घ्यायला ते हात पुढे करून उभे, आणि आम्हा तिघांना त्यातलं काही कळेना. डोकी ठीक, मधला भाग ठीक, शेपट्याही दिसायला ठीक, सगळे जिवंत, तरी एकही का हलत नाही ह्याचा विचार करत ते येरझाऱ्या घालू लागले. तेवढ्यात दीर नेहमीप्रमाणे शिंकला. मामा जागच्या जागी थांबले. त्यांनी भाच्याकडे असं पाहिलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघत आहेत.

“ही सर्दी कधीपासून आहे?”

“जन्मापासून. तुमाले मालूम आहे नं मामा.”

मामांनी त्याच्या छातीच्या डाव्या बाजूला कान लावला. मग उजव्या बाजूला. आणि उजव्या बाजूला तो कान तसाच ठेवून ते मिशीतल्या मिशीत हसायला लागले. “इकडं आहे! काळीज इकडं आहे याचं! अन् आम्ही एवढी वर्षं याले काढे पाजले.”

मग त्यांनी आम्हाला समजावलं, आणि त्या दिवशी त्यांनी मिठाई वापरली नाही. शुक्राणूच्या शेपटीच्या आत बारीक नळ्या असतात आणि त्या नळ्यांना इवलेसे हात असतात. ते हात शेजारच्या नळीला ओढतात म्हणून शेपटी वळते. काही माणसांत हे हातच घडत नाहीत. शेपटी असते, वीज असते, पण ओढायला कोणी नसतं. आणि अगदी तशीच रचना नाकात, छातीत, कानात बारीक केसांची असते. ते केस हलले नाहीत तर आतली घाण बाहेर ढकलली जात नाही आणि सर्दी जन्मभर राहते. पोटात असताना हृदय कोणत्या बाजूला जायचं हेही असेच केस ठरवतात. ते हलले नाहीत तर हृदय कुठेही जाऊन बसतं. नाक, काळीज आणि मूल अशी तीन दुखणी वेगवेगळी नव्हतीच. “तू काही केलं नाही गा, अन् हिनंही काही केलं नाही,” मामा म्हणाले. “जन्मतःच एक पुर्जा बसवायचा राहिला.”

 एवढं मोठं काही ऐकल्यावर माणूस काय विचारेल असं वाटतं? दिराने विचारलं, “म्हणजे मामा, संत्र्यानं काही होत नव्हतं?”

“काही नाही.”

“एखादी फोड खाल्ली असती तर चाललं असतं?”

वैशाली फस्सकन हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मी उठून मामांच्या स्वयंपाकघरातून टोपलीतलं एक संत्रं आणलं. दिराने ते सोलून खाल्लं, बिया हातात धरून बसला आणि म्हणाला, “आंबट आहे थोडं.”

पुढचे सोपस्कार मोठ्या डॉक्टरांनी केले. एक्स-रे निघाला, छातीची औषधं बदलली, खोकला पुष्कळ कमी झाला. मूल होण्याचा मार्गही होता. जिवंत पेशी निवडून बारीक सुईने थेट अंड्यात सोडायची, मग तिला पोहण्याची गरजच नाही. न हलणाऱ्यांतून जिवंत कोणती हे कसं ओळखतात, ते मामांनी आम्हाला फोनवर पाऊणएक तास सांगितलं: अगदी कमी मिठाच्या पाण्यात सोडली की जिवंत पेशीची शेपटी गुंडाळते. पहिली खेप फुकट गेली. आठवडाभराने वैशालीने एक दिवस उठून संत्र्याचा मुरंबा केला. माहेरी पाठवण्याचं मात्र पुन्हा कोणी काढलं नाही.

मध्यंतरी एका दुपारी मी मामांबरोबर खाप्याला गेले होते. जेवणं झाली होती, दीर मालावर गेला होता. सासूबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. निवडता निवडता त्या थांबल्या आणि खाली सुपाकडे बघतच म्हणाल्या, “बापू, हे माह्याकडून आलं का गा त्याच्यात?”

मला उत्तर माहीत होतं. प्रयोगशाळेत त्या दिवशी वैशालीने हाच प्रश्न विचारला होता आणि मामांनी तिला सरळ सांगितलं होतं: अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून. दोघांना स्वतःला काही होत नाही, पण दोन्ही अर्धी एका लेकरात आली की झालं. सासूबाईंनी तर सख्ख्या आतेभावाशी लग्न केलेलं, त्यामुळे अर्ध्याला अर्धं मिळणं सोपंच. रिपोर्टात एक अक्षर इकडचं तिकडे करा म्हणणाऱ्या बड्या बड्या लोकांना मामांनी दाराबाहेर काढलेलं मी पाहिलं होतं. आता ते काय बोलणार ह्या विचाराने मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. “नाही वं ताई. असं कोणाकडून येत नसते. होते कधी कधी, आपोआप. तुह्याकडून कसं येईन?”

दारात वैशाली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने दोन्ही ऐकलं होतं, प्रश्न आणि उत्तर. इतकी वर्षं ‘जमिनीत दम नाही’ हे तिने करंज्या करता करता, भाकरी थापता थापता ऐकलं होतं, आणि आज बोलायला तिला दोन वाक्यं पुरली असती. मी तिच्या जागी असते तर बोलले असते, हे लपवण्यात अर्थ नाही. ती खाली बसली, सासूबाईंच्या पुढ्यात कप ठेवला आणि म्हणाली, “मामा बराबर सांगून राहिले आई. मी बी मोठ्या डॉक्टरले इचारलं होतं. घ्या, निवून जाईल.” सासूबाईंनी कप उचलला, मग खाली ठेवला. “तुहा कुठं आहे वं?” त्यांनी विचारलं, आणि वैशाली ‘मंग घेतो’ म्हणाली तरी आपल्यातला अर्धा चहा बशीत ओतून तिच्याकडे सरकवला.

दुसरी खेप आता पुढल्या महिन्यात आहे. मामांची नजर अधू झाली आहे, प्रयोगशाळा त्यांनी बंद केली आणि सूक्ष्मदर्शक कॉलेजला देऊन टाकला. परवा संध्याकाळी ते आमच्याकडे आले, चहा घेतला, शेपटीबद्दल काही बोलले नाहीत. निघताना दारात चपला चाचपत मला म्हणाले, “सूनबाई, त्या दिवशी दवाखान्यात मले घेऊन जाशील का? आत नाही जाणार मी, काही विचारणारही नाही. बाहेर बाकावर बसतो नुसता.”